गोव्यात गुप्त कामगिरीवर असलेला माजी सैनिक कादंबरीत पटेल असा कसा उभा करावा?

तुमचा नायक फौजेतून निवृत्त झालेला, गोव्यात नाव बदलून ड्रग्जच्या टोळीत शिरतो, आणि मसुदा वाचलेले मित्र म्हणतात, 'पटत नाही.' मसुदा मीही वाचला. मी फोंड्याचा, रहस्यकथांचं जुनं गिऱ्हाईक. शिवाय घरात एक काका आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून परतलेले. तेवढ्या भांडवलावर सांगतो.

त्याचं फौजीपण लपवू नका. लपत नाही ते. काका आजही स्कूटर अंगणात लावतात ती तोंड फाटकाकडे करूनच. पाऊस कोसळत असला तरी आधी वळवतील, मग स्टँडवर घेतील. राग आला की मराठी, कोकणी दोन्ही बाजूला राहतात आणि थेट हिंदी सुरू होते. न्हाव्यानं कानापाशी केस जरा जास्त ठेवले तर उठलेले परत खुर्चीत बसतात. असा माणूस हणजुण्यात केस वाढवून हिप्पी म्हणून फिरला, तर शॅकवरचा प्लेटा उचलणारा पोरगासुद्धा हसेल.

त्यापेक्षा फौजीपण हेच त्याचं सोंग होऊ द्या. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस बहुतेकदा चाळिशीच्या आसपास घरी येतो. मुलं शिकत असतात, पेन्शनमध्ये भागत नाही, मग सिक्युरिटीची नोकरी धरतो. बागा-कळंगुटच्या एखाद्या क्लबच्या गेटवर माजी सैनिक उभा दिसला तर कोण वळून बघणार? टोळीच्या मालकालाही असाच माणूस हवा असतो, वेळेवर येणारा आणि तोंड बंद ठेवणारा. डिस्चार्ज बुक खरं, कँटीनचं कार्ड खरं, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मागितलेली सुट्टीही खरी. खोटी गोष्ट एकच, ती म्हणजे तो नेमकं कोणाचं काम करतो. नाव तर बदलूच नका. तो सत्तरी तालुक्यातला किंवा पेडण्याचा असला, तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणीतरी आतेबहीण नावानं हाक मारणारच.

हे मी हवेतून काढत नाही. मोहन रानडे मूळचे सांगलीचे, गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे. पोर्तुगीज राजवटीत ते गोव्यात मराठी शाळेचे मास्तर म्हणून राहिले, आणि मास्तरकी खरोखरच केली. १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि थेट १९६९मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. दुसरं उदाहरण मुरगाव बंदराचं. मार्च १९४३मध्ये तटस्थ गोव्यात अडकून पडलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर रात्री हल्ला झाला, कारण तिथून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जात असल्याचा इंग्रजांना संशय होता. हल्ला करणारे कोण, तर कलकत्ता लाइट हॉर्सचे पोट सुटलेले हौशी सैनिक, एरवी कंपन्यांत आणि व्यापारात असलेले. आले कशातून, तर गाळ वाहणाऱ्या बार्जमधून. या कामगिरीची जाहीर वाच्यता पुढं कित्येक वर्षं झाली नाही. तुमचा नायक मात्र बत्तीस वर्षांचा, सहा पॅकवाला. कशाला?

आता कायदा, कारण खरा पेच तिथे आहे. निवृत्त सैनिकाला पोलिसाचा कसलाही अधिकार नसतो. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात तो संशयिताची झडती घेतो, ते काढून टाका. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ५०नुसार अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क सांगावा लागतो. तो सांगितला नाही म्हणून आरोपी सुटल्याची उदाहरणं आहेत. त्याहून भारी गोष्ट प्रमाणांची आहे. एमडीएमए (पार्ट्यांत चालणारा अमली पदार्थ) १० ग्रॅमपेक्षा किंवा चरस १ किलोपेक्षा जास्त झालं की 'व्यावसायिक प्रमाण', शिक्षा किमान १० वर्षं, जामीन जवळपास अशक्य. म्हणजे मालकानं विश्वासानं पाकीट हातात दिलं की तुमचा नायक कागदोपत्री गुन्हेगार. तो आपला माणूस आहे हे एकाच पोलीस अधिकाऱ्याला माहीत असावं आणि त्याची मध्येच बदली व्हावी. गोळीबाराची तीन प्रकरणं मिळून जेवढा ताण येत नाही तेवढा या एका ऑर्डरीनं येईल.

पिस्तुलाचंही बघा. नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. कॅसिनोतला प्रवेशही बदला. २०२०पासून गोमंतकीयांना तिथं खेळायला बंदी आहे, त्यामुळे सत्तरीतला नायक नोकर म्हणूनच आत जाईल. तुमच्या कथेला ते उलट बरंच आहे.

आणि डिसेंबर सोडा. कथा जूनमध्ये सुरू करा. शॅक मोडलेले, पर्यटक तुरळक, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी, त्यामुळे ट्रॉलर जेटीला बांधलेले. अशा दिवसांत रात्री शापोऱ्याहून एक ट्रॉलर बाहेर पडला, तर तो मासे धरायला गेलेला नाही हे गेटवरच्या वॉचमनलाही कळतं.