न्यूट्रॉनच्या पोटात इलेक्ट्रॉन असतो का?

प्रश्न : बीटा क्षयात अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, पण केंद्रकात इलेक्ट्रॉन नसतातच. मग तो न्यूट्रॉनमध्ये दडलेला असतो का? आणि प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कवर एक-तृतीयांश प्रभार असेल, तर ‘इलेक्ट्रॉनचा प्रभार सर्वांत लहान’ हे आम्हाला शिकवलेलं चूक समजायचं का?
— बारावीची विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : दडलेला नसतो, क्षयाच्या वेळीच तयार होतो. न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन क्वार्क असतात. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचं माप ‘एक’ धरलं, तर अपवर +२/३, डाउनवर −१/३, बेरीज शून्य. क्षयात एका डाउनचा अप होतो. −१/३ वरून +२/३, म्हणजे प्रभार बरोबर एकाने वाढला आणि न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला. ही वाढ भरून काढतो −१ प्रभाराचा डब्ल्यू बोसॉन, म्हणजे हा बदल घडवणारा क्षणजीवी कण. त्यातून लगेच इलेक्ट्रॉन आणि प्रभारहीन प्रतिन्यूट्रिनो निपजतात. आधी ०, नंतर +१ −१ + ०. सुट्या न्यूट्रॉनचं सरासरी आयुष्य सुमारे ८८० सेकंद. एरवी प्रभार शून्य असला तरी तो आतून कोरा नाही. चिमुकल्या चुंबकासारखा वागतो, ते आतल्या प्रभारी क्वार्कांमुळेच.

शिकवलेलं चूक नाही, अपुरं आहे. ‘सुट्या कणावर सापडणारा’ एवढे शब्द त्यात घाला. क्वार्क एकटा बाहेर येत नाही. ओढून वेगळा करू गेलात, तर लावलेल्या ऊर्जेतून क्वार्क आणि प्रतिक्वार्क (त्याचा उलट प्रभाराचा जोडीदार) अशी नवी जोडी तयार होते आणि हाती पुन्हा पूर्णांकी प्रभाराचेच कण येतात. रुपयाचा तिसरा हिस्सा वहीत मांडता येतो, नाशिकरोडच्या छापखान्यातून तेवढ्याची नोट मात्र निघत नाही! हा ‘एक’ म्हणजे १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कुलोम. २०१९ पासून ही किंमत व्याख्येनेच पक्की केली आहे.

गणितात हमखास चुकतं ते प्रतिक्वार्कचं चिन्ह. धन पायॉन हा क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोडीचा कण, म्हणजे अप आणि प्रति-डाउन. प्रति-डाउनवर +१/३ असतो, म्हणून बेरीज +१. अनेक जण तिथे −१/३ लिहून बसतात आणि उत्तर +१/३ येतं. सुट्या कणाचं उत्तर अपूर्णांकात आलं, की आधी चिन्हं तपासा. +२ आलं म्हणून मात्र खोडू नका. तीन अप क्वार्कांच्या डेल्टा कणावर खरोखरच तेवढा प्रभार असतो.