क्यूएसच्या २०२५च्या यादीत मँचेस्टर ३४वं, एलएसई ५०वं. तरी सगळे एलएसईच का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की मुलीला अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.साठी मँचेस्टर आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई) अशा दोन्हीकडून ऑफर आहे, जगभरच्या विद्यापीठांना क्रमांक देणाऱ्या क्यूएसच्या २०२५च्या यादीत मँचेस्टर वर आहे, आणि तरी जो भेटेल तो एलएसईचंच नाव घेतोय.

लोक चुकत नाहीयेत. ते अर्थशास्त्राबद्दल बोलताहेत आणि तो आकडा अख्ख्या विद्यापीठाचा आहे. मँचेस्टरमध्ये मेडिकल आहे, इंजिनिअरिंग आहे, ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ थरावर २०१०चं नोबेल मिळवणारे पदार्थविज्ञानवाले आहेत. एलएसईत मेडिकलही नाही नि इंजिनिअरिंगही नाही. किराणा, कापड, भांडी सगळं विकणारं दुकान आणि एक सराफी पेढी, यांत मोठं कोण हे विचारण्यासारखंच आहे हे. शांघायहून निघणारी दुसरी जागतिक क्रमवारी नोबेलं आणि प्रामुख्याने विज्ञानातल्या शोधनिबंधांचे ढीग मोजते, तिथे एलएसई १५१ ते २०० या गठ्ठ्यात जाऊन पडते. आणि संडे टाइम्सच्या २०२५च्या ब्रिटिश यादीत तीच एलएसई पहिली, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्याही वर!

क्यूएसचे ३० टक्के गुण प्राध्यापकांच्या मतांवर आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर ठरतात. मी इंग्लंडात शिकत असताना माझ्या मार्गदर्शकांना तो सर्वेक्षणाचा मेल आलेला मी पाहिलाय. तुमच्या विषयात देशातली दहापर्यंत आणि देशाबाहेरची तीसपर्यंत उत्तम विद्यापीठं निवडा, असा तो प्रश्न. सरांनी चहाचा मग हातात धरून पहिली सात-आठ नावं धडाधड टिपली, मग छताकडे बघितलं, मग मला विचारलं, "अजून कोण?" मी एक नाव सुचवलं. त्यांनी तेही यादीत घातलं. त्या दिवसापासून चौतिसावा आणि पन्नासावा यांतल्या फरकाने माझी झोप उडत नाही.

शिवाय मोजमापच बदलतं. २०२४च्या यादीसाठी क्यूएसने शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचं वजन २०वरून १० टक्क्यांवर आणलं, नोकरी मिळण्याचे, शाश्वततेचे वगैरे नवे निकष घातले. एका वर्षात सिडनी ४१वरून १९वर, एडिंबरा १५वरून २२वर, खुद्द एलएसई ५६वरून ४५वर. वर्ग तेच, शिकवणारे तेच.

म्हणून विषयवार यादी बघा. अर्थशास्त्रात एलएसई जगातल्या पहिल्या दहांत असते, मँचेस्टर बरंच मागे. आपल्याकडे तर एलएसईला वेगळीच झळाळी आहे, बाबासाहेबांनी १९२३ साली तिथून डी.एस्सी. घेतली म्हणून. हेही कुठल्याच यादीत मोजलं जात नाही, पण तुमच्या ओळखीतल्यांच्या तोंडी एलएसई येण्यामागे ते नक्की असणार.

मँचेस्टरला कमी लेखायचं नाही मला. विकासाच्या अर्थशास्त्रातले मोठे नाव आर्थर लुईस पीएच.डी. एलएसईचे, पण अमर्याद मनुष्यबळावरचा त्यांचा तो गाजलेला निबंध १९५४ साली निघाला तेव्हा ते मँचेस्टरला प्राध्यापक होते. पुढे १९७९मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

जाता जाता, एका ठिकाणी तो एकूण क्रमांक खरंच खिशाला लागतो : सरकारी शिष्यवृत्ती. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत क्यूएसच्या क्रमांकाची मर्यादा असते. ससेक्स विद्यापीठ विकास अभ्यासात क्यूएसच्याच विषयवार यादीत वर्षानुवर्षं जगात पहिलं, पण एकूण यादीत अलीकडे पहिल्या २००च्या बाहेर. त्या विषयाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, मला नुसता राग येतो. तुमच्या दोन्ही ऑफर २०२५च्या यादीत पहिल्या पन्नासातल्या होत्या, त्यामुळे ही डोकेदुखी नाही.

आता माझं मत. मुलीचं गणित पक्कं असेल आणि पुढे पीएच.डी. किंवा सेंट्रल बँकेसारखी नोकरी डोक्यात असेल, तर एलएसई. तिथे मुख्य वर्गांच्या आधी गणित-संख्याशास्त्राची तयारी करून घेतात, आणि तिथेच बऱ्याच जणांचा घाम निघतो. विकासाचं अर्थशास्त्र करायचं असेल आणि लंडनचं घरभाडं पेलणार नसेल, तर मँचेस्टर निवडताना मन खट्टू करून घेऊ नका. कर्ज काढणार असाल तर फी आणि बारा महिन्यांचं भाडं एकत्र धरून बघा, नुसत्या फीवर जाऊ नका.

आणि एक काम आजच करा. दोन्ही कोर्सच्या वेबसाइटवरची मॉड्यूलची यादी काढून मुलीसमोर ठेवा, विद्यापीठांची नावं झाकून. कुठली यादी तिला जास्त वेळ वाचावीशी वाटते ते बघा. पण डिपॉझिट भरायची शेवटची तारीख त्याआधी तपासा, दोघांची वेगळी असू शकते.