नागपूरजवळ आईबाबांना घेऊन रानात पायी फिरायला सोपी जागा कोणती?

साठी ओलांडलेल्यांसाठी आधी अंबाझरी जैवविविधता उद्यान. शहरातच आहे, वाट सपाट, एका बाजूला तलाव आणि दुसरीकडे गवताळ माळ. सेमिनरी हिल्सही चालेल, पण तिथे रान कमी अन् माणसं जास्त.

खरी मजा रामटेकला. साधारण ५० किमी. सगळे गाडीनं थेट गडमंदिराखाली जातात. तुम्ही अंबाळा तलावापासून सुरुवात करा. घाटावरची जुनी देवळं बघत काठाकाठानं रमतगमत चाला. इथूनच गडावर दगडी पायऱ्या चढतात. गुडघे कुरकुरत असतील तर आईबाबांना तलावाशीच बसवा. चढणार असाल तर पिशवी हातात लोंबती ठेवू नका. प्रसादाचा वास आला की माकडं सरळ झडप घालतात, आणि चष्माही सोडत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पळस फुललेला असतो, मोहाखाली फुलांचा सडा पडायला लागतो.

पेंच मात्र यातून वगळा. तो व्याघ्र प्रकल्प आहे, पायी हिंडायची जागा नव्हे.

एप्रिल-मे नकोच. ऊन ४५ अंशांपर्यंत जातं. पावसाळ्यात बूट घाला, गवतात साप असतात.