अडॅप्टिव्ह सॉफ्टवेअर (मुलाच्या उत्तरांनुसार पुढचे धडे बदलणारं) वर्गात आणताय? आधी हे बघा

सुरुवातीची नैदानिक चाचणी, म्हणजे मुलाला काय येतं आणि काय नाही हे तपासणारी चाचणी, मुलांना घाईत उरकू देऊ नका. पुढचे धडे तिच्यावरच ठरतात. सातवीतलं मूल चौथीच्या गणितावर गेलं तर जाऊ द्या. खरा फायदा तिथेच आहे.

रिपोर्टमधल्या टक्केवारीवर थांबू नका, चुकलेली उत्तरं उघडून वाचा. १/२ + १/३ = २/५ असं चौघांनी लिहिलं असेल, तर त्यांना जवळ बसवून कागदाची पट्टी दुमडून दाखवा. हे काम तुमचंच.

आणि हो, प्रश्न न वाचताच पर्याय दाबणारी, लागोपाठ हिंट उघडणारी मुलं हेरा. ती शिकत नसतात, नुसती स्क्रीन पुढे ढकलत असतात. त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्या, आकडेमोड लिहायला लावा. आठवड्यातले सॉफ्टवेअरचे तास मात्र पक्के ठेवा.