ट्रंकेतल्या जुन्या कापडाविषयी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जुन्या कापडांनी ट्रंक भरली आहे, तीन कामे अर्धवट पडली आहेत आणि तरीही चौथे सुरू करण्यासाठी हात शिवशिवत आहेत, याची तुला टोचणी लागली आहे असे तू लिहिले आहेस. ही टोचणी तू मनातून काढून टाकावीस असे मला वाटते. जी जुने कापड गोळा करते ती केवळ साठा करत नसते. तिची बोटे कापड ओळखायला शिकत असतात, आणि हे शिक्षण दुकानातल्या नव्या ठाणांवर होत नाही.

याचे कारण साधे आहे. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे विरळ विणीचे कापडही हाताला भरदार लागते आणि पहिल्या धुण्यानंतर त्याचे खरे रूप कळते. जुन्या सुती लुगड्याचे मात्र जे आटायचे ते आटून गेलेले असते, रंग बहुतेक सुटून गेलेला असतो आणि सूत इतके मऊ झालेले असते की तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच निवडले गेले. तुझ्या दारावर येणारी बोहारीण कशी पारख करते ते एकदा नीट बघ. भांड्याच्या बदल्यात साडी घेण्यापूर्वी ती घडी उलगडते, कापड उजेडाकडे धरते, काठाजवळ दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहते आणि क्षणभरात ठरवते. इतकी जाणकार गुरू तुला वर्गात भेटणार नाही, म्हणून तिच्याशी घासाघीस कमी कर आणि तिला प्रश्न जास्त विचार.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाशील तेव्हा हीच पद्धत ठेव. कापड उजेडाकडे धरल्यावर जिथे जाळीसारखे दिसेल तिथे ते विरले आहे असे समजावे. रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली असेल, तर प्रथम घडीच्या रेषांवरच उकलते. तेव्हा त्या रेषा आधी तपासाव्यात आणि घरी आणल्यावर घडी बदलत राहावे. सूत कोणते याची शंका आली, तर कडेचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटलीवर जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा भुरभुर जळतो आणि राखाडी, मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि त्याची काळी राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. यांतल्या दोन प्रकारच्या खुणा एकत्र दिसल्या तर धागा मिश्र आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र जुन्या कापडावरही आंधळा विश्वास टाकू नकोस. माझ्या पहिल्या गोधडीत मी आईच्या जुन्या पांढऱ्या पातळाशेजारी एक गडद तांबडा तुकडा न तपासता जोडला आणि पहिल्याच धुण्यात सगळी पांढरी बाजू गुलाबी झाली. ते पातळ पुन्हा मिळणार नव्हते, आणि त्याचे वाईट मला आजही वाटते. तेव्हापासून प्रत्येक गडद तुकड्यावर ओले पांढरे फडके ठेवून मी त्यावरून गरम इस्त्री फिरवते. फडक्याला रंग लागला, तर तो तुकडा वेगळा काढते.

आता चौथ्या कामाविषयी. ते गोधडीचेच असावे असे मी सुचवते, कारण तुझ्या ट्रंकेत जे आहे ते सगळे सामावून घेणारे दुसरे काम नाही. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर. त्याची चौघडी केली की दोन मीटरांहून थोड्या अधिक लांबीचे चार थर होतात आणि एका माणसाच्या वाकळेचे अंग तयार होते. वर तुझे रंगीत तुकडे, कडेने धावदोरा आणि तसेच फेरे घालत आत यायचे. विरलेले कापड एकटे ताण सोसत नाही, परंतु जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे तोच ताण चारही थरांत वाटला जातो, म्हणून टाकाऊ लुगड्याची गोधडी पुढे कित्येक वर्षे टिकते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या बायका गोधड्या शिवतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले जे आफ्रिकी गुलाम निसटून त्या रानांत गेले, त्यांच्या वंशजांचा हा समाज आहे. या बायका आधी आराखडा काढत नाहीत. कडेपासून एकेक तुकडा ठेवत, शिवत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले लावतात. तुझ्यासारख्या मुलीला, जिला आरंभाचाच आनंद सर्वांत मोठा वाटतो, ही रीत फार मानवेल असा माझा अंदाज आहे, कारण तीत पुढचा तुकडा निवडताना प्रत्येक वेळी नवा आरंभ होतो.

अर्धवट कामांसाठी वेगवेगळ्या सुती पिशव्या कर आणि प्रत्येकीत त्या कामाचा दोरा व पुढे काय करायचे याची चिठ्ठी ठेव. सुई मात्र कापडात टोचून ठेवू नकोस. पावसाळी हवेत ती गंजते आणि तो डाग सहजी निघत नाही. हातशिलाईचे एक आणि मशीनचे एक अशी दोन कामे शेजारी चालू असली तरी बिघडत नाही. तीन हातशिलाईची कामे एकदम काढलीस तर मात्र कशालाच हात लागणार नाही.

तू लिहिलेल्या त्या इरकल साडीला सध्या कात्री लावू नकोस. तिच्यात पदराचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. अंग सुती आणि पदर रेशमी असेल, तर दोघांचे धुणेही वेगळे. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा ती सोबत आण, म्हणजे तो जोड दिवसाच्या उजेडात पाहून पदर कुठून सोडवायचा ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
शिवणाची बाई