पीएम वेळेवर होतं, मग मोटरी बसतायत कशा?

प्रश्न : सर, आमच्याकडे पीएमचं (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, म्हणजे बिघाड व्हायच्या आधीच ठरल्या वेळी करायची देखभाल) शेड्यूल एकदम कडक आहे. दर महिन्याला सगळ्या मोटरींना ग्रीस, दर वर्षी पंप उघडून बेअरिंग आणि सील बदली, चेकलिस्टवर सगळ्या सह्या. तरी ६ महिन्यांत एकाच लाइनच्या ३ मोटरींची बेअरिंगं गेली आणि एक पंप तर ओव्हरहॉल झाल्यावर १० दिवसांत बसला. मॅनेजर ऑपरेटरला दोष देतात, मला ते पटत नाही. चुकतंय कुठे? (एक मेंटेनन्स सुपरवायझर)

उत्तर : ऑपरेटरला तूर्त सोडा, आधी ते शेड्यूलच टेबलावर घ्या.

ग्रीसचंच बघू. समजा मोटरला ६३१० नंबरचं बेअरिंग आहे. बाहेरचा व्यास ११० मिमी, रुंदी २७ मिमी, दोन्हींचा गुणाकार करून ०.००५ ने गुणा, साधारण १५ ग्रॅम येतात. एका वेळेला एवढंच ग्रीस, आणि तेही नेहमीच्या स्पीडला, बेअरिंग फार तापत नसेल तर काही हजार तासांनी. तुमच्या चेकलिस्टवर काय लिहिलंय? बहुतेक नुसतं 'ग्रीस करणे'. मग माणूस काय करणार, सीलमधून बाहेर दिसेपर्यंत गन मारतो, ड्रेन प्लग (जुनं ग्रीस बाहेर पडायचं बूच) उघडायचं कुणी सांगितलेलं नसतं, जादा ग्रीस आत घुसळत राहतं, बेअरिंग तापतं, ग्रीसमधलं तेल सुटतं आणि उरलेलं मोटरच्या वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळीवर) जाऊन बसतं. त्यात मधे स्टोअरने लिथियमच्या जागी पॉलीयुरियाचं ग्रीस आणलं असेल तर बघायलाच नको, ती दोन बऱ्याचदा एकमेकांत जमत नाहीत, पातळ होऊन वाहून जातात. एकदा तुमच्या गनचे १० स्ट्रोक कागदावर मारून वजन करा, एका स्ट्रोकला किती ग्रॅम पडतं हे आपल्याकडे निम्म्या लोकांना माहीत नसतं (मलाही बरीच वर्षं नव्हतं).

आता पंप. चांगला चालणारा पंप वर्ष झालं म्हणून उघडला की नवीन चुकांना दार उघडतं : बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं, अलाइनमेंट (पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत आणणं) डोळ्याने केली, फाउंडेशन बोल्ट आवळताना केसिंग ताणलं गेलं. हे दुसऱ्या महायुद्धातच दिसलं होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडच्या विमानांचे आकडे तपासताना वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की ठरलेल्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी मांडलं की विमानाच्या फक्त ११ टक्के भागांमध्ये वयानुसार बिघाड वाढताना दिसतो. हा आकडा विमानाचा आहे, तुमच्या पंपाला जसाच्या तसा लावू नका, पण 'वर्ष झालं, बदला' हे कशावरून ठरवलं ते एकदा विचारा. व्हायब्रेशन आणि टेंपरेचरचं रीडिंग नेहमीसारखं असेल तर पंप उघडायची घाई कशाला?

प्रश्न : म्हणजे मेंटेनन्स जेवढा कमी तेवढा बरा? आमच्या कंपनीत खर्च वाचवायला इंटरव्हल (दोन मेंटेनन्समधला काळ) वाढवायचं चाललंय. (प्लांट इंजिनियर)

उत्तर : अजिबात नाही. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं २६१ नंबरचं विमान समुद्रात कोसळलं, ८८ च्या ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या जॅकस्क्रूच्या नटचे आटे ग्रीसअभावी झिजून संपले होते. ग्रीसिंगचं इंटरव्हल वाढत वाढत ८ महिन्यांवर गेलं होतं, आणि झीज मोजायची तपासणीही लांबवली होती. दोन्ही एकाच वेळी! इंटरव्हल वाढवायचंच तर ते मोजमाप बघून वाढवा, बजेट बघून नको, आणि ज्या भागाला दुसरा आधार नाही त्याची झीज मोजणं तरी लांबवू नका.

आणि सुपरवायझरसाहेब, ती ३ बेअरिंगं भंगारात गेली नसतील तर कापून आत बघा. ग्रीस काळं पडून कडक झालंय, का पातळ होऊन वाहून गेलंय, का रेसवर (गोळ्या फिरतात त्या कडीवर) एकाच बाजूला घासल्याची खूण आहे, ते बघून फोटोसकट कळवा.