कॅबरे, सासूबाई आणि फुकट वाचन

प्रश्न : आमच्या कोथरूडमध्ये एका नव्या नाटकाचं विनामूल्य जाहीर वाचन आहे. नाटक एका कॅबरे गायिकेवर आहे. सासूबाई (वय 74) येते म्हणतात. त्यांना अवघडल्यासारखं होईल का? आणि नुसतं वाचूनच दाखवणार असतील, तेही फुकट, तर जायचं कशाला?

उत्तर : ताई, ‘विनामूल्य’ वाचलं की पुणेकराला दोन शंका येतात. एक दर्जाची, दुसरी पार्किंगची. दुसरीवर माझ्याकडे इलाज नाही, रिक्षाने जा.

फुकट अशासाठी, की नाटक अजून कच्चं असतं आणि गरज लेखकाला असते. ऐंशीच्या दशकात मीही एक नाटक लिहिलं होतं. सदाशिव पेठेत मित्राच्या माडीवर चौदा जणांना वाचून दाखवलं. नायकाचं अडीच पानी स्वगत सुरू झालं आणि तिघं एकामागोमाग पाणी प्यायला उठले. माठ काही पळून जात नव्हता! घरी येऊन मी ते स्वगत चार ओळींवर आणलं. (नाटक तरीही झालं नाही, ते सोडा.)

आता कॅबरे. हिंदी सिनेमामुळे आपल्या डोळ्यांसमोर पिसांचा मुकुट येतो. पण 1881मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागात ‘ल शा न्वार’, म्हणजे ‘काळं मांजर’, नावाचा अड्डा निघाला, तिथे कवी, चित्रकार, गवई जमायचे आणि बड्या लोकांची टर उडवायचे. 1901मध्ये हे लोण बर्लिनला पोचलं. गाणारी बाई टेबलांपासून हातभर अंतरावर उभी, अर्धं गाणं बोलल्यासारखं म्हणणार, मधेच एखाद्याला चिमटा काढणार. तमाशातली बतावणी ऐकलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? जर्मन नाटककार ब्रेख्तचं 1928 सालचं बर्लिनमधलं संगीतक पु. लं.नी ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं आणि 1978मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने ते केलं, त्यातही या वळणाचा अंश होता. सासूबाईंनी तेव्हा पाहिलं असेल, विचारून बघा. अवघडलात तर तुम्हीच अवघडाल.

वाचनात गाण्यांचं काय होतं, ही मात्र खरी गंमत. नटी खुर्चीत, हातात संहिता, फार तर बाजूला एक पेटी. नाच नाही, झगमगाट नाही. बैठकीची लावणी नाही का, बसल्या जागी नुसत्या चेहऱ्याने आणि हातांनी उभी राहायची? तसं इथे गाण्याच्या शब्दांतच दम लागतो.

म्हणून रंगसूचनांकडे, म्हणजे रंगमंचावर काय घडतं ते सांगणाऱ्या कंसातल्या ओळींकडे, कान ठेवा. कुणीतरी त्या मोठ्याने वाचत असतं. गायिकेवरच्या नाटकात लेखकाला एक मोह हमखास होतो : ‘तिचा सूर लागताच सारे स्तब्ध होतात’ असं लिहून मोकळं व्हायचं. प्रयोगात प्रकाशयोजना ते झाकून नेते, वाचनात झाकता येत नाही. तुम्ही स्तब्ध झालात का? नसाल, तर नंतरच्या चर्चेत तेवढंच सांगा. ‘छान झालं’ म्हणून चहाकडे वळू नका, त्याचा लेखकाला काडीचा उपयोग नसतो. कुठल्या प्रवेशात मोबाइल बघावासा वाटला, ते सांगा.

पहिल्या दोन रांगा बहुधा राखीव असतील, त्यावरून भांडू नका. नट मान खाली घालून वाचतात, आवाज मागे पोचत नाही. सासूबाईंना चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवा.